लॅप पोहताना फ्लिप टर्न: समुद्रात पोहणाऱ्यांनी शिकावा का, आणि कसा?

जांभादगड:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. आपल्याकडच्या बहुतेकांसारखा विहिरीत पोहायला शिकलो, पुढे समुद्रात जायला लागलो. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात उतरायची सोय नाही, म्हणून पावसाळ्यात सकाळच्या बॅचला तलावावर जातो. तलाव २५ मीटरचा. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे उतरायचं ठरवलंय. त्यामुळे सध्या सलग अंतर वाढवणं चालू आहे.

एक किलोमीटर म्हणजे ४० लांब्या, म्हणजे ३९ वेळा भिंत येणार. दर वेळी हात लावा, डोकं वर काढा, श्वास घ्या, पाय टेका, ढकला. शेजारच्या लेनमधली शाळकरी मुलं मात्र भिंतीपाशी गडप होतात आणि पार पुढे जाऊन वर येतात. तो फ्लिप टर्न मला शिकायचा आहे. पाण्यात कोलांटी येते. पण कोलांटीनंतर पाय भिंतीला लागतीलच असं नाही, नाकात पाणी जातं आणि वर आल्यावर दोन हातांतच धाप लागते. ज्यांना येतो त्यांनी सविस्तर लिहा. आणि मूळ प्रश्नही आहेच: समुद्रात पोहायचं असेल तर याचा उपयोग किती?

चिवल्याचो:
दर्यात भिंत खंय आसा? माका ह्या कोलांटीचो उपयोग काय तो समाजणा नाय.

जरा नीट सांगतो. मी मालवणचा, समुद्रातच पोहतो. तलावात सराव करून आलेले लोक समुद्रात कुठे अडकतात ते दर वर्षी बघतो. भिंतीला ढकलल्यावर चांगला पोहणारा पाचेक मीटर नुसता सरकतो. ४० लांब्यांत ते २०० मीटर झाले. म्हणजे तलावातला एक किलोमीटर हा हातांनी पोहलेला ८०० मीटरच असतो, आणि दर २५ मीटरला खांद्यांना विश्रांती मिळते ती वेगळीच. समुद्रात ती मिळत नाही. खारं पाणी थोडं जास्त तरंगवतं हे खरं, पण लाट आणि ओढ ते परत काढून घेतात. तिथे महत्त्वाचं काय, तर हात न थांबवता डोळे पाण्याबाहेर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, बघता येणं. तुमच्या जागी मी असतो तर तो वेळ त्यावर घालवला असता.

सरळरेषा:
मी शाळा-कॉलेजात स्पर्धा पोहले, आता ठाण्यात मुलांना शिकवते. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे दोन्ही पाणी ओळखीचं आहे.

चिवल्याचो यांचा हिशेब बरोबर आहे. भिंतीला ढकलल्यावर जो वेग मिळतो तो हात मारून कोणालाच गाठता येत नाही. म्हणून तर २५ मीटरच्या तलावातले विक्रम ५० मीटरच्या तलावापेक्षा वेगवान असतात. पुरुषांची १५०० मीटर फ्रीस्टाइल घ्या. बॉबी फिंकने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मोठ्या तलावात १४ मिनिटं ३०.६७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. छोट्या तलावात फ्लोरियान वेलब्रॉकने २०२१ मध्ये तेच अंतर १४ मिनिटं ६.८८ सेकंदांत संपवलं होतं. पहिल्यात वळणं २९, दुसऱ्यात ५९. माणसं वेगळी आहेत, तरी या फरकातला मोठा वाटा त्या ३० जादा भिंतींचा आहे. अंतर जसं वाढतं तसं टर्नचं वजन वाढतं. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ ला बीजिंगला ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. ५० मीटरच्या तलावात त्यात वळणं अनुक्रमे शून्य, एक आणि तीन.

पण समुद्रात पोहणाऱ्याने टर्न शिकावा असं मी म्हणते ते वेगासाठी नाही, श्वासासाठी. जांभादगड, तुम्ही आज भिंतीवर दर वेळी एक आरामाचा श्वास जादा घेता. ४० लांब्यांत असे ३९ श्वास, आणि शरीराला तीच सवय लागते. फ्लिप टर्न करणाऱ्याला तो श्वास मिळत नाही, उलट भिंतीपाशी थोडा वेळ हवा पुरवून वापरावी लागते. तोंडावर लाट फुटली, या हाताचा श्वास हुकला, पुढच्या हाताला घ्यावा लागला, असं समुद्रात सतत होतं. तेव्हा न घाबरता पुढचा हात मारता येणं ही सवय भिंतीवर फार छान लागते.

आता टर्न.

विहिरीतली कोलांटी आपण जागच्या जागी मारतो आणि गोल मोठा असतो. इथे येतानाचा वेगच अंगाला फिरवतो. त्यामुळे पहिली गोष्ट, भिंत जवळ आली म्हणून हळू व्हायचं नाही. दुसरी, भिंत बघायला डोकं उचलायचं नाही. डोकं उचललं की कंबर खाली जाते आणि मग फिरणं जड होतं. तळावरची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी संपते आणि तिच्या टोकाला आडवी रेघ असते. डोळ्यांना तेवढी खूण पुरते. आडव्या रेघेवरून गेल्यावर कोणाला एक हात लागतो, कोणाला रेघेवरच फिरावं लागतं. ते उंचीवर आणि वेगावर आहे, प्रत्येकाने आपलं आपण शोधायचं.

शेवटचा हात मारून मांडीपाशी आणायचा. दुसरा तिथे आधीच थांबलेला असतो. दोन्ही तळवे तळाकडे. हनुवटी छातीला, एक छोटी डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली), पोट आवळून घ्यायचं. चटई गुंडाळायला घेतली की टोकापासून वळत जाते, तसं डोकं आधी, मग पाठ, मग कंबर. हातांनी फार काही करायचं नसतं. ते जागेवर राहतात, अंग त्यांच्याभोवती फिरतं, आणि फिरून झालं की हात डोक्याच्या पलीकडे, निघायच्या दिशेलाच असतात. तळव्यांनी डोक्याकडे थोडं पाणी ओढलं तर फिरणं पटकन होतं. गुडघे दुमडलेले, टाचा बुडाजवळ, पाय पाण्यावरून भिंतीकडे जातात.

पावलं पाण्याखाली ३०-४० सेंटिमीटरवर टेकली पाहिजेत, दोन्हींत कमरेएवढं अंतर, बोटं वरच्या दिशेला, गुडघ्यात साधारण काटकोन. या क्षणी तुम्ही उताणे असता. तसंच उताणं ढकलायचं. बहुतेक मोठी माणसं इथे घाई करतात, भिंतीवर असतानाच पालथं व्हायला बघतात, आणि ढकलण्याचा जोर तिरका जातो. आधी ढकला, मग हातावर हात, दंड कानांना चिकटलेले, आणि सरकता सरकता कुशीवरून पालथं व्हा. पृष्ठभागाच्या अगदी जवळून सरकलात तर लाट तयार होते आणि वेग खाते, साधारण अर्धा मीटर खाली राहा. नियमाप्रमाणे फ्रीस्टाइलमध्ये १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, पण आपल्याला तिथे जायचं नाही. एक-दोन किक, वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला की वर.

शिकताना क्रम उलटा धरा. आधी भिंतीला पाय लावून उताणं ढकलणं आणि वळून पालथं होणं पक्कं करा. मग तलावाच्या मध्यावर, भिंत नसताना, पोहता पोहता कोलांटी. दोन्ही बरं जमलं की मगच भिंतीवर जोडा. भिंतीपासून सुरुवात करणाऱ्याचं अर्धं लक्ष टाच आपटेल या भीतीत जातं. कमरेएवढ्या पाण्यात करू नका, छातीच्या वर पाणी हवं. आणि विहिरीत किंवा नदीच्या कोंडीत याचा सराव नकोच. तिथली भिंत सरळ नसते, पाण्याखाली जांभ्याचा चिरा किंवा पायरी कुठे पुढे आलीय ते दिसत नाही.

कोकणकडा:
वाचनखूण साठवली. उताणं ढकलायचं हे कोणीच सांगितलं नव्हतं.

जांभादगड:
सरळरेषाताई, मनापासून आभार. नाकाचं सांगाल का? आणि आमच्या तलावात पावसात पाणी गढूळ होतं, तेव्हा तळाची रेघ दिसत नाही. अशा वेळी काय करायचं?

सरळरेषा:
रेघ दिसत नसेल तर टर्नचा सराव त्या दिवशी सोडा. तळ दिसत नाही अशा पाण्यात बुडालेला माणूसही दिसत नाही, आणि अशा तलावात कोणी पोहूच नये असं माझं ठाम मत आहे. व्यवस्थापनाला सगळ्यांनी मिळून सांगा. फक्त किंचित धूसर असेल तर भिंतीवरच्या उभ्या पट्ट्याकडे, पाण्याखालून, डोकं न उचलता बघता येतं.

नाकाचं आपल्या डॉक्टरांना सांगू द्या.

कानाकोपरा:
कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, चिपळूणला प्रॅक्टिस करतो, आणि पोहतोही.

नाकात पाणी गेल्यावर जी झणझण होते ती मिठाच्या फरकामुळे. शरीरातल्या द्रवांत मीठ साधारण ०.९ टक्के, तलावाच्या पाण्यात जवळजवळ नाही, समुद्रात साधारण ३.५ टक्के. त्यामुळे दोन्ही झोंबतात. उपाय एकच, उलटं होताना नाकातून हवा बाहेर जात राहिली पाहिजे. हनुवटी छातीला लागली की सुरू, पाय भिंतीला टेकेपर्यंत चालू. तोंड मिटून 'हं…' असं गुणगुणलं की हवा आपोआप नाकातून बारीक धारेने जाते. सगळी हवा एकदम सोडलीत तर ढकलताना काही उरत नाही, आणि वर आल्यावर धाप लागते ती बहुतेक वेळा यामुळेच. जांभादगड यांच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला तरी एकच दिसतं. सुरुवातीला नाकाची क्लिप लावायला काही हरकत नाही.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. टर्नला दम पुरावा म्हणून आधी भराभर दहा-बारा खोल श्वास घ्यायची पद्धत काही मुलांत दिसते. ती जिवावर बेतते. अशा श्वासांनी रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ती सूचना उशिरा आली तर माणूस पाण्याखालीच, काही कळायच्या आत, बेशुद्ध पडू शकतो. पोहण्यात तरबेज असलेली मुलंही यात गेली आहेत. टर्नच्या आधी नेहमीसारखा एक श्वास, बस. धाप लागली तर टर्न सोडा आणि भिंत धरा.

कानाच्या पडद्याला भोक असेल, किंवा कुशीवर वळताना गरगरण्याचा त्रास असेल, तर कोलांटीच्या आधी तपासून घ्या. पाण्यात गरगरलं की वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही.

वाशिष्ठीकाठ:
मी साठी ओलांडलेली आहे आणि मानेचा त्रास आहे. डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, कोलांटीला नको म्हटलंय. आमच्यासारख्यांनी काय करावं? भिंतीवर थांबून थांबून पोहणं मलाही आवडत नाही.

सरळरेषा:
काकू, तुमच्यासाठी ओपन टर्न. त्याला दुय्यम समजू नका, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये ऑलिंपिकलाही हाच असतो, कारण तिथे दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावावे लागतात.

फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुरतो. हात लागला की भिंत धरून वर ओढून घ्यायचं नाही. नुसता टेकवायचा, त्याच वेळी गुडघे पोटाशी घेऊन पाय भिंतीकडे आणायचे. दुसरा हात आधीच परतीच्या दिशेला. भिंतीचा हात कानाजवळून पाण्यावरून पुढे जातो, तेवढ्यात एक श्वास, मग कुशीवर पाण्याखाली जाऊन ढकलायचं. मानेला वळवायची गरजच पडत नाही. छाती पाण्याबाहेर काढली नाही तर हा टर्न खूप चपळ होतो. तुमचा हेतू सलग पोहण्याचा आहे, तो यात पूर्ण साधतो. रोजच्या पोहण्यात अर्धवट फ्लिपपेक्षा चांगला ओपन टर्न केव्हाही बरा.

वाशिष्ठीकाठ:
किती छान समजावलंस गं. उद्याच करून बघते. बायकांच्या बॅचलाही सांगते, आमच्यात बऱ्याच जणी दोन्ही हातांनी भिंत धरून वर येतात.

अष्टागर:
अलिबागहून. माझी मुलगी चौथी-पाचवीपासून स्पर्धा पोहते, तिच्यामुळे नियम पाठ झालेत. पालकांसाठी लिहिते, कारण मुलं टर्नवर बाद होतात तेव्हा फार रडतात आणि कारण बहुधा कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

फ्रीस्टाइलला प्रत्येक लांबीच्या शेवटी शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला पाहिजे. पाय पुरतात. कोलांटी झाली पण पाय पोचले नाहीत आणि मूल तसंच निघालं तर बाद. पाय पोचले नाहीत तर मागे जाऊन भिंतीला स्पर्श करून निघायला शिकवा.

बॅकस्ट्रोकला पालथं होऊन फ्लिप मारता येतो, पण पालथं झाल्यावर एकच सलग ओढ, एका हाताची किंवा दोन्ही हातांची मिळून, आणि लगेच टर्न. पालथं होऊन किक मारत भिंतीपर्यंत सरकणं चालत नाही. भिंतीपासून ५ मीटरवर वर झेंड्यांची माळ असते, तिथून हात मोजायचे. वैयक्तिक मेडलेत (एकानेच चारही प्रकार पोहायचे ती शर्यत) बॅकवरून ब्रेस्टला जाताना पाठीवर असतानाच भिंतीला स्पर्श करावा लागतो, तिथे आधी पालथं झालं की बाद.

आमच्या इथल्या छोट्या तलावात झेंडे नव्हते. पालकांनी मिळून ५ मीटर मोजून दोन्ही टोकांना दोरी ताणली, जुन्या रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधल्या. मुलांचं डोकं आपटायची भीती गेली. खर्च जवळजवळ काही नाही. ज्यांच्या गावात तलाव आहे त्यांनी हे जरूर करावं.

चिवल्याचो:
अष्टागर, हे झकास केलंत.

बाकी मंडळी, भिंतीवरच्या गर्दीचं काय? मी तलावावर जातो तेव्हा भिंतीला ओळीने माणसं लटकलेली असतात. तिथे कोलांटी मारणार कुठे? कोणाच्या पोटात पाय बसला म्हणजे?

सरळरेषा:
खरी अडचण आहे आणि ती बोलूनच सुटते. लेनमध्ये एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. टर्न मारणारा भिंतीजवळ येताना लेनच्या मध्यावर येतो आणि परतीच्या बाजूला निघतो. थांबणाऱ्यांनी कोपरा धरावा, मधली भिंत मोकळी सोडावी. एकदा लाइफगार्डला सांगून सगळ्यांना समजावलं की लोक ऐकतात. आणि भिंतीवर कोणी असेल तर टर्न मारायचाच नाही, हात लावून वळायचं. समोरचा बाजूला होईल असं गृहीत धरू नका, पाठमोऱ्या माणसाला तुम्ही दिसत नसता.

पुढचा आपल्याआधी नुकताच निघाला असेल तर तीन-चार हातांचं अंतर राहील इतकं थांबा.

जांभादगड:
या आठवड्यात तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केलं. 'हं' करत फिरलं की नाकात पाणी जात नाही, डॉक्टरसाहेबांना धन्यवाद. उताणं ढकलणंही जमतंय. आता पाय लागतात, पण ढकलल्यावर मी तळाकडे जातो, सरळ जात नाही. आणि भिंतीवर शेवाळ असल्याने पावलं घसरतात.

सरळरेषा:
तळाकडे जाता म्हणजे पावलं जास्त वर टेकतायत, पाण्याच्या अगदी कडेशी. कोलांटी पूर्ण होण्याआधीच पाय उघडले की असं होतं. टाचा बुडाजवळ अजून क्षणभर धरा. पावलं फार खाली लागली तर उलट होतं, माणूस वर उसळतो. ढकलायच्या आधी पावलं, कंबर, खांदे आणि हात एका आडव्या रेषेत आहेत का तेवढं बघा.

शेवाळासाठी एकच उपाय, भिंत घासणं. पावसाळ्यात शेवाळ झपाट्याने धरतं. टर्न घेतो त्या पट्ट्यातल्या टाइल्स रोज ब्रशने घासायला सांगा. घसरत्या भिंतीवर जोरात ढकललं तर गुडघा मुरगळतो.

चिवल्याचो:
मी पहिल्या प्रतिसादात नको म्हटलं होतं, पण श्वासाचा मुद्दा पटला. लाट तोंडावर आल्यावर गडबडणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना हेच कमी पडतं.

तरी तलावातला किलोमीटर आणि समुद्रातला किलोमीटर एक नाही यावर मी ठाम आहे. म्हणून जांभादगड, सरावाची वाटणी करा. निम्म्या लांब्या फ्लिप टर्नने पोहा. उरलेल्या निम्म्यांत भिंतीला शिवायचंच नाही. तळावरच्या आडव्या रेघेपाशी आलात की पाण्यातल्या पाण्यात वळायचं, पाय न टेकता, ढकलल्याशिवाय, आणि थांबलेल्या अंगाला हातांनी परत वेगात आणायचं. बोयाला वळसा घालताना नेमकं हेच करावं लागतं. पहिल्यांदा खांदे भरून येतील, म्हणून थोडं थोडं वाढवा. शिवाय दर लांबीत दोनदा डोळे पाण्याबाहेर काढून समोरची एखादी खूण बघा, घड्याळ असेल, खुर्ची असेल. बघून झालं की मगच बाजूला श्वास. हे दोन एकत्र करू नका, नाहीतर पाय खाली जातात.

सरळरेषा:
पूर्ण अनुमोदन. रेघेपाशी वळायचा सराव मी पण मोठ्या मुलांकडून करून घेते. फक्त लेन मोकळी असताना करा, मध्येच वळणारा माणूस मागच्याला अनपेक्षित असतो.

कानाकोपरा:
आणि नारळी पौर्णिमा झाली म्हणून लगेच एकट्याने समुद्रात उतरू नका. श्रावण-भाद्रपदातही पाण्याला ओढ असते. स्थानिक मच्छीमारांना विचारा, सोबत होडी किंवा दोन-तीन पोहणारे ठेवा, रंगीत टोपी घाला.

जांभादगड:
ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार फ्लिप टर्न, मंगळवार आणि गुरुवार भिंतीशिवाय. चिवल्याचो, समुद्रावरच्या सरावाला मालवणला आलो तर सोबत पोहाल का?

चिवल्याचो:
येवा. गणपती झाल्यावर या, तवर पाणी जरा निवळता. सकाळी भरतीच्या वेळेक चिवल्यार भेटूया, आदल्या दिवशी मेसेज करा म्हणजे होडयेचा बघतंय.